लोकशाहीचा प्रसार आणि परक्या सरकारचा पैसा

राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत लोकशाहीची व्याख्या, तिचे प्रकार आणि तिच्या यशस्वितेच्या अटी यांची चर्चा आपण दरवर्षी वाचतो. परंतु एका देशाच्या सरकारने दुसऱ्या देशातील लोकशाहीसाठी पैसा खर्च करावा काय, आणि केला तर घेणाऱ्याने तो कोणत्या अटीवर घ्यावा, हा प्रश्न त्या चर्चेत सहसा येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो एकाएकी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. भारतातील मतदारांचा सहभाग वाढविण्यासाठी ठेवलेले २ कोटी १० लाख डॉलरचे अनुदान रद्द केल्याची घोषणा अमेरिकन सरकारच्या एका नव्या विभागाने केली. हा पैसा कोणी घेतला, कोणासाठी घेतला, यावर आपल्याकडे आरोप-प्रत्यारोपांची राळ उडाली. पुढे एका भारतीय दैनिकाने कागदपत्रे तपासून ते अनुदान भारतासाठी नव्हे, बांगला देशासाठी होते असे दाखवून दिले. पण तोपर्यंत बोलायचे ते सर्वांचे बोलून झाले होते. अशा वेळी आरडाओरड्यापेक्षा अभ्यास बरा, या भावनेने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

या संस्था कशा चालतात

लोकशाहीच्या प्रसारासाठी सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांचा सर्वांत जुना नमुना जर्मनीचा आहे. तेथील प्रत्येक मोठ्या पक्षाशी निगडित असे एक प्रतिष्ठान असते. समाजवादी विचाराचे फ्रीडरिश एबर्ट प्रतिष्ठान १९२५ चे. हिटलरने त्याच्यावर बंदी घातली आणि युद्धानंतर ते पुन्हा उभे राहिले. ख्रिश्चन लोकशाहीवाद्यांचे कोनराड आडेनावर प्रतिष्ठान आणि उदारमतवाद्यांचे फ्रीडरिश नाउमान प्रतिष्ठान ही युद्धोत्तर काळातील. यांचा बहुतेक पैसा जर्मन संसदेने मंजूर केलेल्या अंदाजपत्रकातून येतो. परिसंवाद, शिबिरे, शिष्यवृत्त्या, कामगार आणि सहकारी संस्थांचे प्रशिक्षण असे त्यांचे काम चालते, आणि भारतातही ते अनेक वर्षे चालत आले आहे.

अमेरिकेतील ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमॉक्रसी’ ही संस्था १९८३ सालची. कायद्याच्या भाषेत ती खासगी आहे, परंतु तिचा जवळजवळ सगळा खर्च अमेरिकन संसदेच्या वार्षिक अनुदानातून भागतो. तिच्या हाताखाली चार संस्था आहेत : दोन मोठ्या पक्षांच्या दोन, व्यापारी मंडळींची एक आणि कामगार संघटनांची एक. ब्रिटनने १९९२ मध्ये वेस्टमिन्स्टर प्रतिष्ठान स्थापन केले, तैवानने २००३ मध्ये आपले प्रतिष्ठान काढले. सरकार बदलले की अशा संस्थांचे दैव कसे फिरते हेही दिसले आहे. २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने एन्डाउमेंटचा मंजूर निधी अडवला आणि संस्थेला आपल्याच सरकारविरुद्ध न्यायालयात जावे लागले.

अशा मदतीने काही भले होते काय? गोव्याच्या संबंधात एक उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे. पोर्तुगालची समाजवादी पार्टी १९७३ च्या एप्रिलमध्ये स्वदेशात नव्हे, तर पश्चिम जर्मनीत स्थापन झाली, आणि तिला एबर्ट प्रतिष्ठानचा आधार होता. वर्षभराने, २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमधील हुकूमशाही कोसळली. त्याच वर्षाच्या अखेरीस नव्या पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व करार करून मान्य केले. त्या वेळी मारियो सोआरिश हे समाजवादी नेतेच परराष्ट्रमंत्री होते. मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. हुकूमशाही उलथून टाकली ती पोर्तुगालच्याच तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी, आफ्रिकेतील युद्धांना कंटाळून. जर्मन पैशाने क्रांती झाली नाही. क्रांतीनंतर निवडणुका लढवू शकेल असा पक्ष मात्र तयार मिळाला. परकीय मदतीची खरी ताकद आणि खरी मर्यादा या एका उदाहरणात दिसते.

मुंबईतील प्रकरण

आता आपल्या घराजवळची हकीकत. जून १९५० मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये जगभरचे लेखक-विचारवंत जमले आणि त्यांनी ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ म्हणजे सांस्कृतिक स्वातंत्र्य परिषद स्थापन केली. स्टालिनच्या रशियात लेखकांची जी गळचेपी चालली होती तिला विरोध करणे हा तिचा उघड हेतू होता. बर्ट्रांड रसेल, जॉन ड्यूई, कार्ल यास्पर्स अशी थोर नावे तिच्या सन्माननीय अध्यक्षांत होती.

मार्च १९५१ मध्ये परिषदेची भारतीय बैठक मुंबईत भरली. मुळात ती दिल्लीत व्हायची होती, पण नेहरू सरकारला ती फारशी रुचली नाही. ऑडन आणि स्टीफन स्पेंडर हे इंग्रजी कवी, स्पॅनिश विचारवंत मादारियागा अशी मंडळी तिला आली होती. या बैठकीतून भारतीय समिती उभी राहिली. मिनू मसानी तिचे प्रमुख सूत्रधार होते, आणि जयप्रकाश नारायण तिच्याशी घनिष्ठपणे जोडले गेले. १९५२ मध्ये ‘फ्रीडम फर्स्ट’ हे मासिक निघाले आणि १९५५ मध्ये ‘क्वेस्ट’. ‘क्वेस्ट’चे पहिले संपादक कवी निसीम एझिकेल.

मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना या वर्तुळातील दोन नावे परिचित असतील. एक प्रभाकर पाध्ये. ‘नवशक्ति’चे संपादक, पुढे ‘सौंदर्यानुभव’ या ग्रंथासाठी १९८२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळविणारे समीक्षक. ते परिषदेचे आशियाई कामकाज पाहत असत. दुसरे प्रा. अ. भि. शहा. गणिताचे अध्यापक, १९६८ मध्ये इंडियन सेक्युलर सोसायटी स्थापन करणारे आणि हमीद दलवाई यांच्या कार्यामागे उभे राहणारे. दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले, हे आपण जाणतोच. ही सारी माणसे विद्वान होती, स्वतंत्र विचाराची होती. त्यांच्या मतांशी कोणी सहमत नसेल; परंतु ती मते त्यांची स्वतःची होती, याविषयी मला शंका घेण्याचे कारण दिसत नाही.

आणि तरीही १९६६-६७ मध्ये जे उघडकीस आले ते भयंकर होते. एप्रिल १९६६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आणि पुढील वर्षाच्या आरंभी ‘रॅम्पार्ट्स’ या अमेरिकन मासिकाने सी. आय. ए. या हेरखात्याचे गुप्त आर्थिक व्यवहार चव्हाट्यावर आणले. सांस्कृतिक स्वातंत्र्य परिषदेचा खर्च आरंभापासून हेच खाते करीत होते. पैसा सरळ येत नसे. फारफील्ड फाउंडेशनसारख्या दिखाऊ धर्मादाय संस्थांच्या नावावर तो फिरवून आणला जाई. परिषदेचा पॅरिसमधील खरा कारभारी मायकेल जॉसेलसन हा त्या खात्याचाच माणूस होता. लंडनच्या ‘एन्काउंटर’ मासिकातून स्पेंडर यांनी राजीनामा दिला. परिषदेने नाव बदलले, फोर्ड फाउंडेशनचा आधार घेतला आणि १९७९ मध्ये ती विसर्जित झाली.

भारतातील प्रतिक्रिया अभ्यासण्यासारखी आहे. ‘आमच्या कामात कोणी ढवळाढवळ केली नाही, मग बिघडले कुठे?’ असा बचाव त्या वेळी अनेकांनी केला. जयप्रकाशांना तो पुरेसा वाटला नाही. परिषद स्वतंत्रपणे वागत होती एवढे म्हणून भागणार नाही. ते खाते स्वतःला उपयोगी वाटले तेच करीत होते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. कलकत्त्याचे के. के. सिन्हा यांनी तर, पॅरिसच्या कचेरीत असा सुरुंग पेरलेला आहे हे ठाऊक असते तर मी या संस्थेला शिवलोही नसतो, अशा अर्थाचे उद्गार काढले.

मला येथे जयप्रकाशांची भूमिका योग्य वाटते, आणि तिचे कारण थोडे उकलून सांगावेसे वाटते. ‘क्वेस्ट’मध्ये छापलेली चांगली कविता परक्या पैशाने वाईट ठरत नाही. लेखकाने लिहिलेले खरे असेल तर ते खरेच राहते. नुकसान झाले ते निराळ्याच ठिकाणी. ज्या माणसांनी आपले नाव आणि आपली पत त्या संस्थेला दिली, त्यांना ती कोणासाठी वापरली जात आहे हे सांगितलेच गेले नाही. म्हणजे त्यांची संमती घेतली गेली नाही. संमती हा लोकशाहीचा पाया. लोकशाहीच्या नावाने चाललेल्या कामात तोच खणून काढला गेला. शिवाय वाचकांचा विश्वास एकदा उडाला की पुढे खरे बोलणाऱ्यावरही संशय घेतला जातो. सत्तरीच्या दशकात जयप्रकाशांचे आंदोलन उभे राहिले तेव्हा विरोधकांनी हाच जुना आरोप त्यांच्या अंगावर फेकला.

यापुढचा योगायोग मोठा विलक्षण आहे. आणीबाणीत ‘फ्रीडम फर्स्ट’चा मजकूर सेन्सॉरने अडवला. मसानी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यायालयाने सेन्सॉरचे ते आदेश रद्द ठरविले. वृत्तपत्र-स्वातंत्र्याच्या इतिहासात हा निकाल महत्त्वाचा मानला जातो. म्हणजे ज्या समितीच्या पाळण्यात हे मासिक जन्मले तिला गुप्त परकीय पैसा मिळाला होता, आणि त्याच मासिकाने स्वदेशातील हुकूमशाहीशी दोन हात केले. परंतु त्याच वेळी पुण्याचे ‘साधना’ साप्ताहिकही सेन्सॉर आणि जप्तीला तोंड देत उभे होते, तेही आपल्या वर्गणीदारांच्या आणि हितचिंतकांच्या बळावर. तेव्हा स्वातंत्र्यासाठी लढायला परका पैसा लागतोच असे नाही, आणि तो कधी मिळाला होता म्हणून लढणारा खोटा ठरतो असेही नाही.

दुसरी बाजू आणि आपली बाजू

हा खेळ एकट्या अमेरिकेने खेळला असे समजणे भाबडेपणाचे होईल. सोव्हिएत संघाने १९४९ मध्ये स्टालिन शांतता पुरस्कार सुरू केला. पुढे तो लेनिनच्या नावाने दिला जाऊ लागला. सैफुद्दीन किचलू, सी. व्ही. रामन, अरुणा असफ अली, इंदिरा गांधी हे त्याचे भारतीय मानकरी. मॉस्कोत छापलेली स्वस्त आणि देखणी मराठी पुस्तके लोकवाङ्मय गृहामार्फत गावोगावच्या विद्यार्थ्यांच्या हाती पडत. त्या पुस्तकांनी अनेकांना वाचनाची गोडी लावली हे खरे; पण त्यांची किंमत कमी का होती, हे विचारणे हाही वाचनाचाच भाग आहे.

भारतानेही इतर देशांतील लोकशाहीला हातभार लावला आहे. आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी १९५३ मध्ये सुदानच्या पहिल्या निवडणुकीवर देखरेख केली. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकशाही निधी सुरू झाला तेव्हा भारत आणि अमेरिका यांनी आरंभी प्रत्येकी १ कोटी डॉलर दिले. २०११ मध्ये आपल्या निवडणूक आयोगाने परदेशी अधिकाऱ्यांनाही निवडणुकीचे व्यवस्थापन शिकविणारी संस्था दिल्लीत काढली. भारत सरकारचा जवाहरलाल नेहरू पुरस्कार १९७९ साठी नेल्सन मंडेला यांना दिला गेला तेव्हा ते तुरुंगात होते. १९९३ चा आँग सान सू ची यांना दिला गेला तेव्हा त्या नजरकैदेत होत्या. या दोन निवडींचा अभिमान वाटावा. पण ब्रह्मदेशाच्या त्याच लष्करशहांचे प्रमुख थान श्वे २००४ मध्ये दिल्लीला राजकीय पाहुणे म्हणून आले, हेही नोंदवले पाहिजे. सरहद्द, बंडखोर आणि चीन यांचा विचार पुरस्कारापेक्षा वजनदार ठरला. सरकारे अशीच वागतात. आपले त्याला अपवाद नाही.

पुरस्कारांचे अर्थकारण

पुरस्काराला अनुदानापेक्षा खर्च कमी आणि बोलबाला जास्त. एन्डाउमेंटचा लोकशाही पुरस्कार घेणाऱ्याला तिआनमेन चौकातील लोकशाही-देवतेच्या मूर्तीची छोटी प्रतिकृती मिळते. युरोपीय संसदेचा साखारोव्ह पुरस्कार १९८८ पासून दिला जातो. तुरुंगातल्या माणसाला असा पुरस्कार कधी कवचासारखा उपयोगी पडतो, कारण जगाचे डोळे त्याच्याकडे लागतात; आणि कधी त्याच पुरस्काराने तो ‘परक्यांचा हस्तक’ ठरतो.

आपल्याकडे सर्वांत परिचित मॅगसेसे पुरस्कार. तो सरकारी नव्हे. १९५७ मध्ये अमेरिकेतील रॉकफेलर बंधूंच्या निधीतून, फिलिपिन्स सरकारच्या संमतीने तो सुरू झाला. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ तो आहे त्या अध्यक्ष मॅगसेसे यांना सत्तेवर येताना अमेरिकन हेरखात्याची मोठी मदत झाली होती. २०२२ मध्ये केरळच्या माजी आरोग्यमंत्री के. के. शैलजा यांनी आपल्या पक्षाच्या विचाराने तो नाकारला. उलट विनोबा (१९५८), जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे (१९७९), आपल्याच जिल्ह्यातील उरुळीकांचनचे मणिभाई देसाई (१९८२), बाबा आमटे (१९८५) यांनी तो स्वीकारला. जामखेडच्या खेड्यांत आरोग्यसेविकांनी केलेले काम पुरस्काराच्या उगमाने डागाळले, असे कोण म्हणेल? माझ्या मते नाकारणारे आणि स्वीकारणारे दोघेही बरोबर असू शकतात; अट एवढीच की दोघांना उगम ठाऊक असावा.

कायदा आणि त्याची दुधारी धार

परकीय देणगी नियमनाचा पहिला कायदा आपल्याकडे १९७६ मध्ये, आणीबाणीत झाला. २०१० मध्ये नवा कायदा आला आणि २०२० मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. निवडणुकीचे उमेदवार, आमदार-खासदार, न्यायाधीश, सरकारी नोकर, वृत्तपत्रांचे संपादक आणि राजकीय पक्ष यांना परकीय देणगी घेता येत नाही, हे त्याचे मूळ तत्त्व योग्यच आहे. पण अंमलबजावणीकडे पाहा. १९८२ मध्ये गांधी शांती प्रतिष्ठान, सर्व सेवा संघ अशा संस्थांची चौकशी करण्यासाठी कुदाल आयोग नेमण्यात आला. जयप्रकाशांच्या आंदोलनाशी संबंधित मंडळी याच संस्थांत होती. याउलट २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने देशातील दोन्ही मोठ्या पक्षांनी परकीय देणग्या घेऊन कायदा मोडल्याचे म्हटले, तेव्हा २०१६ आणि २०१८ च्या वित्त कायद्यांनी परकीय कंपनीची व्याख्याच पूर्वलक्षी प्रभावाने बदलण्यात आली. लहान संस्थेला जे गुन्हा ठरते ते मोठ्या पक्षाला दुरुस्तीने माफ होते. म्हणून ‘परकीय हात’ हा शब्द ऐकला की तो कोण उच्चारतो आहे, हेही पाहावे लागते.

मुळशीकराच्या नजरेतून

परक्या मदतीचा प्रश्न स्वातंत्र्यलढ्यालाही पडला होता. मुळशीच्या सत्याग्रहाचे नेते सेनापती बापट तरुणपणी पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकाकडून बॉम्बची विद्या शिकून आले. आपल्या जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णु गणेश पिंगळे गदर चळवळीसाठी १९१५ मध्ये फासावर गेले. त्या चळवळीला पहिल्या महायुद्धात जर्मन सरकारनेही मदत केली. जर्मन सरकारला हिंदुस्थानचे स्वातंत्र्य हवे होते असे नव्हे, इंग्रज दुबळा व्हायला हवा होता. पिंगळ्यांचे बलिदान त्याने उणे होत नाही. देणाऱ्याचा हेतू आणि घेणाऱ्याचे ध्येय या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे मात्र स्पष्ट होते.

आणि प्रत्यक्ष मुळशीचा अनुभव काय सांगतो? १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, धरणाविरुद्ध मावळ्यांचा सत्याग्रह सुरू झाला. धरण टाटांच्या वीज कंपनीचे, भूसंपादन मुंबई सरकारचे, वीज मुंबईच्या गिरण्यांना, आणि बुडणार होती शेतकऱ्यांची भातखाचरे. हे सारे ‘सार्वजनिक हिता’च्या नावाने चालले होते. त्या सार्वजनिकांत मुळशी खोऱ्यातला कुणबी बसत होता काय, हे त्याला कोणी विचारले नव्हते; ज्या सरकारने निर्णय घेतला ते त्याने निवडलेलेही नव्हते. पुण्यातील जमीनमालक सावकारांनी अखेर भरपाईचा मार्ग धरला आणि कसणारा एकटा पडला. त्याच्या वतीने बोलणारे पुष्कळ होते, पण त्याला जाब देणारे थोडे.

या अनुभवातून मला लोकशाही-प्रसाराच्या कोणत्याही संस्थेला लावता येतील अशा चार कसोट्या सुचतात. पहिली, पैसा कोणाचा हे घेणाऱ्यालाच नव्हे, तर ज्यांच्यासाठी काम चालते त्या लोकांनाही उघड माहीत आहे काय? दुसरी, कामाचा विषय आणि पद्धत कोण ठरवते, देणारा की स्थानिक माणसे? तिसरी, देणाऱ्याच्या मित्र-देशातील हुकूमशाहीवर बोलण्याची मुभा त्या संस्थेला आहे काय? चौथी, उद्या तो पैसा बंद झाला तर काम चालू राहील काय? मुंबईची समिती पहिल्याच कसोटीला उतरली नाही. आजच्या उघड अनुदान देणाऱ्या संस्था पहिलीला उतरतात, पण तिसरीला अडखळतात. आणि २०२५ मध्ये अमेरिकन मदत एकाएकी थांबली तेव्हा जगातील कितीतरी संस्था चौथ्या कसोटीला बसल्या.

आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांपुढेही शिष्यवृत्त्या, नेतृत्वशिबिरे आणि निबंधस्पर्धा येत असतात. काही परकीय प्रतिष्ठानांच्या, काही आपल्याच सरकारच्या. त्या सर्व झिडकाराव्यात असे मी म्हणणार नाही. परदेश पाहावा, शिकावे, पुरस्कार मिळाला तर घ्यावा. पण अर्जावर सही करण्यापूर्वी हे चार प्रश्न विचारावेत आणि उत्तर लेखी मागावे. आणि दरम्यान आपल्या गावची ग्रामसभा नियमाप्रमाणे भरते काय, तिच्यात बायाबापड्यांना आणि कातकरी वस्तीतल्या माणसांना बोलता येते काय, हे स्वतः जाऊन पाहावे. त्या कामाला कोणत्याही सरकारचे अनुदान लागत नाही.